तिसऱ्या कमानीनंतर

पौषातलं मुरारचं धुकं, सकाळचे नऊ.
टेपचं एक टोक झुबेरच्या हातात, दुसरं माझ्या,
मधे गिरजा.
सायलस मसीह कुलपावर आधी फुंकर मारतो,
मग किल्ली लावतो.
"नाप लो मॅडम, पर घंटी मत छूना,
सुतली से बंधी है."

वारसा-यादीचा फॉर्म सात पानी.
रकाना चार: बांधकामाची शैली.
रकाना पाच: मापाचे मूळ एकक, माहीत असल्यास.

मागच्या भिंतीत पाटी आहे, अक्षरं निम्मी झिजलेली.
नाव काही का असेना, लोक बरवासाहेबच म्हणत आले.
शिंद्यांच्या तोफखान्यावर होता म्हणे, फ्रान्सचा.
दारूगोळ्याच्या हिशोबाच्या वहीत, पाठच्या पानावर,
आपल्या गावाचं चर्च त्यानं आठवून काढलं होतं:
जाड भिंती, अर्धगोल कमानी, खिडक्या कंजूष,
आणि मनोऱ्यावर वारा सांगणारा कोंबडा.
वही मी पाहिलेली नाही. सायलसनंही नाही.
त्याच्या आजोबांनी पाहिली होती,
असं आजोबाच सांगत.

दारापाशीच आकडा अडला.
तीन मीटर चोवीस, आणि वर चिमूटभर.
फुटात काढा, तुकडा उरतो.
हातात काढा, तरी उरतो.
झुबेर म्हणाला, थंडीनं टेप आखडली असेल.
तेव्हा कॉलेजातलं एक कंटाळवाणं कोष्टक आठवलं:
फ्रान्सच्या राजाचं पाऊल,
साडेबत्तीस सेंटिमीटरला केसभर कमी.
दार दहा पावलं.
खांब दोन.
खांबापासून खांब बारा.
कुठला तो राजा, या बलुआ दगडावरून
अनवाणी, मोजून मोजून चाललेला.

पहिली कमान. दुसरी. तिसरी.
चौथीला पाऊल पडत नाही.
मी तीनदा मोजलं. झुबेरला टोक बदलायला लावलं.
चौथी गजात आहे.
चोवीस तसूंचा, इथल्या संगतराशांचा गज,
वेदीपर्यंत एक तसूही इकडे-तिकडे नाही.

म्हणजे इथे तो गेला.
भादव्यातला ताप असेल, किंवा नुसतंच पोट.
पाटी सांगत नाही.

आणि मग ते उभे राहिले असतील, हातात छिन्न्या,
समोर अर्धं देऊळ, कोणाचं ते नीट ठाऊक नसलेलं.
मजुरी मिळाली होती की नाही, कोण जाणे.
त्यांनी हाताला येत होतं ते केलं.
कमानीला टोक आलं, टोकाखाली कळ्यांची झालर.
पन्हाळीला मगरीचं तोंड.
बाप्तिस्म्याचं कुंड आठ पाकळ्यांनी उमललं.
मनोऱ्यावर छत्री बसली.
कोंबड्याचं मात्र त्यांनी ऐकलं होतं,
कोंबडा केला,
फक्त त्याला पिसारा फुटला.
दगडाचा आहे. वारा कुठूनही येवो,
तो किल्ल्याकडेच बघतो.

मी लष्करची. सात पिढ्या आमच्या घरी मराठी.
साताऱ्याच्या एका लग्नात
नवऱ्याच्या मामांनी विचारलं होतं,
"ही कुठली गं मराठी?"
मी तेव्हा लाडू वाढत पुढे गेले.
आता विचारलं, तर सांगेन
कुठल्या कमानीनंतरची.

रकाना पाचमध्ये दोन्ही एककं लिहिली.
ऑफिस परत पाठवणार: कृपया एकच नमूद करावे.

सायलसनं मुरैन्याची गजक काढली, वर्तमानपत्रात बांधलेली.
"गजातली की पावलातली?" झुबेरनं विचारलं
आणि स्वतःच हसला.
मी सांध्यावर हात ठेवला,
तिसरीचा शेवटचा दगड, चौथीचा पहिला.
मधल्या चुन्यात नख शिरत नाही.

"इथे गळतं का, पावसाळ्यात?"
सायलस वर बघून विचार करतो.
इकडे गळतं. तिकडे गळतं.
वेदीवर तर बादली ठेवावी लागते.
"यहां?" तो म्हणतो, "यहां कभी नहीं."